पाण्यावरचा पहारा

भाऊ: आता परत लाव. नाही, थांब, तू नको, मीच लावतो. सरक जरा.

ताई: लाव. पण काय केलंस ते सांगत जा, म्हणजे मला पुढच्या वेळी येईल.

भाऊ: अगं सिम्पल आहे. विंडोजसाठी केलेला खेळ आपल्या लिनक्सवर चालवून दाखवणारा तो दुभाष्या आहे ना, त्याची आवृत्ती बदलली. नवी जरा हट्टी आहे, म्हणून जुनी बसवली.

ताई: ही जुनी मी मागेच बसवली होती. तूच सांगितलंस फोनवर.

भाऊ: हीच?

ताई: हीच. हिच्या आधीचीही. आणि कुणीतरी घरी बसून केलेली एक होती, तिचं नाव घेताना जीभ अडकते, तीसुद्धा.

भाऊ: मग नीट बसली नसेल. फोनवरून हे असंच होतं बघ. उंटावरून शेळ्या हाकायच्या.

ताई: म्हणून तर म्हटलं, एकदा खाली उतर.

(रविवारची दुपार. ताईच्या घरातली आतली खोली. कपाट आणि खिडकीच्या मध्ये दाटीवाटीने बसवलेलं कॉम्प्युटरचं टेबल. बाहेरच्या खोलीत आई पलंगावर पडून आहे आणि मधलं दार उघडंच आहे. ताई दातांच्या कवळ्या बनवते, धाकटा भाऊ ऑफिसात बसतो. दर रविवारी संध्याकाळी ही दोघं आणि भावाच्या ऑफिसातले आणखी दोघं, टोपणनावं जाड्या आणि डॉक्टर, आपापल्या घरून इंटरनेटवर एकच बोट हाकतात. म्हणजे हाकायचे. गेले दोन महिने ताईला त्या बोटीवर चढताच आलेलं नाही. आज भाऊ ते दुरुस्त करायला आलाय. चहा त्याने अर्धाच प्यायलाय, फोन मात्र पुन्हा पुन्हा बघतोय. आणि दुरुस्तीला आलेला माणूस असा फोन बघायला लागला की त्याचा जीव कुठे आहे ते समजून घ्यावं.)

भाऊ: हे बघ, सुरू झाला. पहिलं पान आलं, चित्र स्वच्छ आहे. आता आपल्या पाण्यात, आपण चौघं खेळतो त्या समुद्रात शिरू. हं. काळा पडदा.

ताई: थांब. आता थोडा वेळ काळाच राहील आणि मग परत पहिल्या पानावर आणून सोडेल. आणलं बघ.

भाऊ: हं.

ताई: दर वेळी हेच. दारापर्यंत जाऊ देतो आणि पायरीवरून परत पाठवतो.

भाऊ: ग्राफिक्सचीच भानगड आहे.

ताई: खाली अक्षरं येतात ना पण. प्रवेश नाकारला म्हणून.

भाऊ: ती फसवी असतात गं. खेळालाच कळत नाही काय बिघडलंय, मग तो काहीतरी ठोकून देतो. बेसिकली तुझ्या कार्डाला त्या पाण्याचं चित्र काढता येत नाहीये, एवढंच.

ताई: म्हणजे खेळ खोटं बोलतो म्हण.

भाऊ: खोटं नाही. चुकीचं बोलतो.

आई: राजा, झालं का रे सुरू?

भाऊ: होतंय, आई.

आई: कर बाबा. रविवार आला की ही नुसती घर पुसत सुटते. पुसलेलं परत पुसते. मी म्हटलं, अगं फरशी झिजेल. त्या तुमच्या बोटीवर असली की निदान हसायचा आवाज तरी यायचा आतून.

ताई: आई, पड तू जरा.

आई: पडलेच आहे की. आणि हात किती सुटला होता हिचा त्याने. लॅबमधलं ते कवळ्या घासायचं यंत्र बोटांवरून गेलं, तेव्हा दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते की दोन बोटं गेल्यातच जमा आहेत. त्यांनी तो स्पंजचा चेंडू दिला होता दाबायला, तर ही त्याच्याकडे ढुंकून बघेना. आणि हा आला, बोटीचा खेळ घेऊन. रोज ऑफिसातून सरळ इकडे.

ताई: आई, त्याला माहीत आहे. तो तिथेच होता.

आई: मग. म्हणून तर सांगते. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

भाऊ: आई, मला जरा काम करू दे ना.

ताई: पुढे काय? कार्डाचा ड्रायव्हर?

भाऊ: ड्रायव्हर नवा दिसतोय.

ताई: नवा टाकला, मग जुना टाकला, मग तू म्हणालास परत नवा टाक. त्यात एकदा पडदाच गेला सगळा. काळ्यावर नुसती पांढरी अक्षरं. मी तुला फोन केला तर तू म्हणालास, मीटिंगमध्ये आहे.

भाऊ: होतो मीटिंगमध्ये.

ताई: मग मी शेजारणीचा कॉम्प्युटर मागितला, त्यावर वाचून वाचून परत आणला पडदा. तिला काय वाटलं असेल, ही बाई एका खेळासाठी दुसऱ्याच्या दारात उभी राहते.

भाऊ: बरं केलंस. शिकतेस तू हळूहळू.

ताई: शिकले बरंच. आता ती साठवण काढ. कॉम्प्युटर चित्रं आधीच तयार करून ठेवतो ती.

भाऊ: शेडर कॅश. हो, ती काढूच. ही काढली की पहिल्यांदा जरा अडखळतं, मग बरोबर चालतं.

ताई: नव्या कवळीचंही तसंच असतं. पण चार दिवसांनी टोचत राहिली, तर मी त्या माणसाला धीर धरा म्हणत नाही. तोंड उघडायला लावते आणि कुठे टोचतंय ते बघते.

भाऊ: तुझं बरं आहे. तुला तोंडात बघता येतं.

ताई: कुणाचा फोन आहे? केव्हाचा थरथरतोय.

भाऊ: ऑफिसचा.

ताई: रविवारी?

भाऊ: साहेबांचा मेसेज आहे. काही नाही, नंतर बघतो.

ताई: तुझं ते मोठ्या शाखेतल्या बढतीचं काय झालं?

भाऊ: होईल. साहेबांच्या मनावर आहे. बरं, कॅश गेली. हे बघ, लावतो परत. पहिलं पान, आपलं पाणी, आणि...

ताई: काळं.

भाऊ: आणि बाहेर. छे. हे तुझं कार्डच म्हातारं झालंय, ताई. मग आता एकच राहतं. सगळं पुसून नव्याने...

ताई: ते झालं.

भाऊ: झालं?

ताई: तू सांगितलंस, मी केलं. सगळं पुसलं, लिनक्स नव्याने टाकलं. त्यात माझी बटणांची मांडणी गेली. तू बसवून दिलेली, ती तीन बोटांची.

भाऊ: ती आधी काढून ठेवायची असते गं.

ताई: विचारलं होतं मी तुला. तू म्हणालास, बिनधास्त पूस, माझ्याकडे प्रत आहे.

भाऊ: हं. असेल कुठेतरी. शोधतो.

ताई: शोध सावकाश. आता एक माझं करून बघतोस?

भाऊ: तुझं म्हणजे?

ताई: मी सांगते तसं. आपल्या पाण्यावर नको जाऊ. खाली नवीन पाणी म्हणून आहे ना, ते उघड. एकटीचं पाणी.

भाऊ: त्याने काय होणार आहे?

ताई: उघड तर. दोन महिने मी तुझं ऐकलं, तू एकदा माझं ऐक.

भाऊ: बरं बाई. उघडलं. काळा पडदा. बघ, म्हटलं ना... अरे. आलं. आलं की, ताई. लाटा बघ. एकदम लोण्यासारखं. म्हटलं नव्हतं तुला? कॅशचीच भानगड होती. आई, झालं गं सुरू.

आई: झालं? बाई बाई. मला माहीतच होतं, तू हात लावलास की होणार.

ताई: छान दिसतं ना?

भाऊ: मस्त. ऊन बघ कसं पडलंय पाण्यावर. तू उगाच धीर सोडत होतीस. लिनक्सवर थोडं झटावं लागतं, पण एकदा बसलं की कायमचं बसलं. आपलं मशीन आपल्या मालकीचं, आपल्या घराची किल्ली आपल्याच खिशात. मी काय सांगत होतो इतकी वर्षं?

ताई: हे गेल्या आठवड्यापासून चालतंय.

भाऊ: काय?

ताई: हेच. लाटा, ऊन, सगळं. तू आज हात लावायच्या आधीपासून.

भाऊ: मग मला बोलावलंस कशाला?

ताई: हळू बोल. आई जागी आहे.

भाऊ: नाही, पण मग...

ताई: मला तू हे सगळं माझ्यासमोर करताना बघायचं होतं. फोनवर तोंड दिसत नाही.

भाऊ: मला कळत नाहीये तू काय म्हणतेस.

ताई: सांगते. सोमवारी लॅबला सुट्टी होती. आपल्या पाण्यात काही जाता येत नव्हतं, तर म्हटलं, एकटीचं पाणी उघडून बघू. उघडलं. झकास चाललं. मग वाटलं, लोकांबरोबर असलं की बिघडत असेल. म्हणून एका अनोळखी माणसाच्या पाण्यात गेले. कुणालाही या म्हणून त्याने उघडं ठेवलं होतं. तिथेही चाललं. दुसऱ्याच्या गेले, तिथेही. म्हणजे या म्हाताऱ्या कार्डाला जगातलं सगळं पाणी चालतं आणि फक्त तुझं चालत नाही.

भाऊ: असतात असले बग. एकाच सर्व्हरवर येतात कधी कधी.

ताई: तो अनोळखी माणूसही लिनक्सवालाच निघाला. त्याला विचारलं. तो म्हणाला, नव्या आवृत्तीत पहारेकरी आलाय, लबाडी करणाऱ्यांना अडवायला. त्याला लिनक्सचं मशीन ओळखता येत नाही, म्हणून तो आपल्यासारख्यांना सरसकट बाहेर काढतो. पण तो पहारा बसवायचा की नाही, ते ज्याचं त्याचं. पाण्याचा मालक ठरवतो. एक बटण आहे म्हणे. बाई, तुमच्या मशीनला काही झालेलं नाही, तुम्ही मालकाला विचारा.

भाऊ: ताई...

ताई: मी म्हटलं, मालक माझा भाऊ आहे. तर तो घाईघाईने म्हणाला, बरं बरं, असेल काही कारण. कोण कुठला, त्याचं तोंडही मी पाहिलं नाही, आणि माझ्यासमोर अवघडला तो. माझी कीव आली त्याला.

भाऊ: तू समजतेस तसं नाही ते. पहारा आवृत्तीबरोबर आपोआप लागला असेल. मी बघतो.

ताई: आपोआप लागत नाही. मी स्वतःचं पाणी उघडलं ना, मालकीण आहे मी त्याची. बटण बघितलं. ते बंदच असतं. चालू करताना विचारतो तो दोनदा, की यामुळे तुमचे काही साथीदार आत येऊ शकणार नाहीत, चालेल का? दोनदा हो म्हणावं लागतं. म्हटलंस तू.

भाऊ: लबाडी करणारे फार झाले होते गं.

ताई: आपल्या पाण्याला परवलीचा शब्द आहे. तो चौघांनाच माहीत. लबाडी करायला येणार कोण? जाड्या? त्याला बोटीला पडलेलं भोक धड बुजवता येत नाही.

भाऊ: तसं नाही...

ताई: बरं, मला एक सांग. पहारेकरी लिनक्सवाल्याला आत सोडत नाही. मग दर रविवारी तू कसा आत जातोस?

भाऊ: विंडोज टाकलंय.

ताई: कधी?

भाऊ: झाले काही महिने. फक्त खेळापुरतं. बाकी सगळं लिनक्सवरच करतो मी.

ताई: आणि मला काय सांगायचास? विंडोज म्हणजे भाड्याचं घर, मालक वाटेल तेव्हा आत येऊन भिंतीला खिळा ठोकेल. माझं चांगलं चाललेलं विंडोज तू स्वतःच्या हाताने पुसलंस. लॅबच्या कामाला अडचण आली, दोन दिवस रडले मी, तरी म्हटलं, हा सांगतोय ना. गेल्या महिन्यातसुद्धा मी म्हटलं होतं, परत विंडोज टाकू का रे, तेवढं झालं तर? तेव्हा अर्धा तास ऐकवलंस मला. तत्त्व म्हणून काही असतं की नाही, म्हणालास. आणि ते तू विंडोजवर बसून बोलत होतास.

भाऊ: तू विंडोज टाकलं असतंस तर...

ताई: तर आत आले असते. बोल ना पूर्ण.

भाऊ: हो.

ताई: म्हणून तत्त्व.

भाऊ: साहेबांना यायचं होतं खेळायला.

ताई: हं. आता बोलायला लागलास.

भाऊ: एकदा जेवताना बोटीचा विषय निघाला. साहेब म्हणाले, आम्हालाही घ्या. बोटीवर जागा चारच. जाड्या आणि डॉक्टर दोघेही साहेबांच्याच हाताखालचे. त्यांना कुठे उतरवणार?

ताई: मग मला सांगायचं होतंस.

भाऊ: काय सांगायचं होतं? ताई, तू उतर?

ताई: हो. अगदी हेच. ताई, माझी बढती अडकली आहे, थोडे दिवस तू उतर. मी चिडले असते. दोन दिवस तुझा फोन उचलला नसता. आणि मग उतरले असते रे. तुझ्यासाठी मी कशातून उतरले नाही आजवर?

भाऊ: म्हणूनच सांगवेना. आधीच तू आईचं सगळं बघतेस. आमच्या घरी दोनच खोल्या म्हणून आई तुझ्याकडे. त्यात परत हे कुठल्या तोंडाने मागणार?

ताई: मागायची लाज वाटली, म्हणून हिसकावून घेतलंस.

भाऊ: तसं नव्हतं माझ्या मनात.

ताई: सुकाणूवर कोण असतं आता?

भाऊ: साहेब.

ताई: येतं त्यांना?

भाऊ: खडकावर घालतात दर वेळी. आम्ही छान छान म्हणतो.

ताई: साहेबांना माहीत आहे का, तिथे आधी कोण होतं?

भाऊ: हो. एकदा त्यांनीच विचारलं, बहीण कशाला रे दर वेळी? मोकळेपणाने बोलता येत नाही.

ताई: आणि तू काय म्हणालास?

भाऊ: हसलो.

ताई: हसलास. आणि?

भाऊ: म्हटलं, ती आता येत नाही. मशीन जुनं झालंय तिचं.

ताई: हे कधी? पहारा लावल्यावर?

भाऊ: आधी.

ताई: म्हणजे आधी बोलून बसलास आणि मग ते खरं करून दाखवलंस.

भाऊ: ताई, खरंच सांगतो, मला वाटलं चार दिवसांचा प्रश्न आहे. साहेबांचा उत्साह टिकत नसतो. ते सोडतील, मी पहारा काढेन, तुला म्हणेन सापडलं कारण, आणि तू परत येशील. तुला कळणारही नाही.

ताई: आणि तोवर मला कामाला लावलंस.

भाऊ: काहीतरी सांगायला हवं होतं ना. तू रोज विचारायचीस, आता काय करून बघू म्हणून.

ताई: तुला माहीत आहे मी ते कसं करायचे? लॅबमधून आले की आईचं जेवण, औषधं, आणि मग इथे बसायचे. तू पाठवलेल्या त्या ओळी, एकेक अक्षर बघून. कुठे रेघ, कुठे टिंब. ही दोन बोटं लांबच्या बटणांवर जात नाहीत, माहीत आहे ना तुला? एक टिंब चुकलं की सगळं पहिल्यापासून. नाही चाललं की वाटायचं, माझंच चुकलं असणार. माझी बोटं चुकली असणार. आणि तुला माहीत होतं की ह्यातल्या एकाही ओळीने काही होणार नाही.

भाऊ: मला वाटलं, तू कंटाळशील.

ताई: काय?

भाऊ: मला वाटलं, कंटाळून तूच सोडून देशील. मग कुणी कुणाला काही म्हणायला नको.

ताई: मी दमावं म्हणून. माझं बोट टाचणीएवढं हललं नव्हतं, तेव्हा शेजारी बसून तू म्हणायचास, परत कर, ताई, परत कर. रडत रडत परत करायचे मी. आणि तुला वाटलं मी कंटाळेन?

भाऊ: चुकलं माझं.

ताई: जाड्याला आणि डॉक्टरला माहीत होतं?

भाऊ: काय?

ताई: हेच. की पहारा तू लावलाय.

भाऊ: आता ते कशाला?

ताई: माहीत होतं का?

भाऊ: हो.

ताई: पहिल्यापासून?

भाऊ: त्यांना सांगावंच लागलं. जाड्याचंही लिनक्सच होतं, पहाऱ्यापायी त्याला विंडोजचं नवं मशीन घ्यावं लागलं.

ताई: ग्रुपवर लिहायचे मी. आज हे करून बघितलं, आज ते करून बघितलं, उद्या नक्की जमेल, माझी जागा ठेवा रे. डॉक्टर लिहायचा, जिद्द असावी तर अशी. जाड्याने टाळ्यांचं चित्र टाकलं होतं. मी ते आईला दाखवलं. म्हटलं, बघ, वाट बघतात सगळे माझी.

भाऊ: ते तुझी चेष्टा नव्हते करत, ताई. त्यांनाही वाईट वाटायचं. डॉक्टर मला म्हणालासुद्धा, सांगून टाक म्हणून.

ताई: परक्या माणसाला वाटलं सांगावं. तुला नाही वाटलं.

भाऊ: वाटायचं. दर वेळी फोन उचलताना ठरवायचो, आज सांगायचं. आणि तू आधीच सुरू व्हायचीस, हे केलं, ते केलं, इतक्या उमेदीने, की मग तोंडातून भलताच काहीतरी उपाय निघायचा.

ताई: केसाने गळा कापलास रे. त्या साहेबांचं मला काही वाटत नाही, ते माझे कुणी नव्हेत. जागेचंही नाही वाटत. तू फोनवर माझ्यासाठी डोकं खपवतोयस, म्हणून मला बरं वाटायचं. चला, खेळ नाही तर नाही, या निमित्ताने रोज बोलतो तरी आहे माझ्याशी. मला ते आवडायला लागलं होतं. आता ते कुठे ठेवू मी, सांग.

भाऊ: आत्ता काढतो पहारा. फोनवरूनच होतं ते. हे बघ, तुझ्यासमोर काढतो. साहेबांना काय वाटायचं ते वाटू दे.

ताई: ठेव तो फोन.

भाऊ: नाही, काढतोच. बघ. काढला. आता लाव, जाशील आत. मी उतरतो. माझी जागा तुला.

ताई: आत्ता कोण कोण आहे बोटीवर?

भाऊ: जमत असतील. साहेबांचे मेसेज त्याचेच होते, लवकर ये म्हणून.

ताई: म्हणजे मी आत जाऊ आणि त्या तिघांत बसू. साहेब खडकावर घालतील, मी छान छान म्हणू. आणि जाड्या म्हणेल, या या ताई, मशीन दुरुस्त झालं वाटतं?

भाऊ: मग तू सांग मी काय करू. तू म्हणशील ते करतो.

ताई: अरे, करून झालं ना तुझं. तुला अजून एखादा उपाय सांगू का मी? हे करून बघ, ते करून बघ म्हणून? मला नाही येत तसं.

आई: अगं, काय कुजबुज चाललीय तुमची? मला दाखवा तरी काय दुरुस्त केलं ते. मागे ती बोट दाखवली होतीस, निळी निळी. तीच आहे का?

भाऊ: आई, मी...

ताई: तीच आहे, आई. यानेच केलं सगळं. जरासं अडकलं होतं कुठेतरी, काढलं त्याने.

आई: बघ. आणि तू म्हणत होतीस, आता नाही व्हायचं. अगं, तो आहे ना पाठीशी. मी गेल्यावरही तोच आहे तुला.

ताई: हो, आई.

भाऊ: ताई, तू का सांगितलंस तिला असं?

ताई: मग काय सांगू? उठ आता. चहा गार झाला तुझा, दुसरा टाकू का?

भाऊ: नको. तू माझ्यावर ओरड हवं तर. पण असं नको बोलूस.

ताई: कसं?

भाऊ: असं. पाहुण्याशी बोलल्यासारखं.

ताई: पिशवी विसरू नको. आईसाठी आलेले डबे धुऊन ठेवलेत त्यात, मागच्या वेळचे. वहिनीला दे.

भाऊ: ती मांडणी आहे माझ्याकडे. खरंच आहे. घरी गेल्या गेल्या पाठवतो.

ताई: नको. मी नवीन बसवली. आता त्या दोन बोटांनाही जरा काम देते, तर जमतं. त्या अनोळखी माणसाच्या पाण्यात सुकाणूला कुणी नव्हतं, तिथे बसले परवा.

भाऊ: सांगितलं नाहीस.

ताई: विचारलं नाहीस.

भाऊ: मी पुढच्या रविवारी येऊ?

ताई: ये ना. तू आलास की आईला बरं वाटतं.